रघूत्तमराव आणि पहिली ओळ

आमच्या कॉलेजात एक रजिस्टर होतं. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याचं, पहिल्या पानावर हळदीचं बोट उमटवलेलं. कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख डॉक्टर सुंदरेश याने ते सुरू केलं आणि त्याला ‘यंत्राचं आरोग्य’ असं भारदस्त नाव दिलं. या माणसाला मी इथे अहोजाहो करणार नाही. नोकरीत असताना अकरा वर्षं केलं, तेवढं पुरे झालं. रोज सकाळी दहाला त्या रजिस्टरात आकड्यांची एक ओळ उतरवायची, खाली सही करायची आणि मग सुंदरेशने हिरव्या शाईने बरोबरची खूण करायची, अशी ही पूजा पंधरा महिने एक दिवस न चुकता चालली. एकही आकडा खोटा लिहिला गेला नाही, आणि यंत्राला काय होतंय ते कुणाला कळलंही नाही. लिहिणारे होते रघूत्तमराव.

रघूत्तमराव आमच्यातलेच, म्हणजे तंजावरच्या राजांच्या काळी खाली उतरून इथेच राहिलेल्या मराठी घरांतले. घर तिरुविसनल्लूरला, मठाच्या मागच्या गल्लीत. तिथून एका बसने कुंभकोणम् आणि दुसऱ्या बसने चोळपुरम्‌च्या वाटेवर, भातशेतीच्या मधोमध उभं केलेलं आमचं खासगी इंजिनियरिंग कॉलेज. गणितात बी.एस्सी. ऐंशी साल उजाडताना ते नदीवरच्या एका बांधावर हंगामी नोकरीला लागले आणि हंगामी म्हणता म्हणता सात वर्षं तिथेच राहिले. पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवरची उंची दिवसातून चार वेळा वहीत लिहायची, एवढंच काम. वरचा साहेब ती उंची बघून कधी खूश व्हायचा, कधी घाबरायचा. रघूत्तमरावांचं म्हणणं असं की नुसत्या उंचीवरून काही कळत नाही, वरून किती येतंय आणि खालून किती जातंय ते बघायला हवं. पण त्यांना कुणी विचारत नव्हतं. १९८७ साली ते आमच्याकडे लॅब असिस्टंट म्हणून आले. पुन्हा हंगामीच. दर सहा महिन्यांनी नवी ऑर्डर.

दिसायला गरीब माणूस, तोंड मात्र भारी तिखट. फक्त तो तिखटपणा मराठीत होता. तमिळमध्ये ते ‘सरी सार्’, म्हणजे ‘बरं साहेब’, यापलीकडे जात नसत. कॉलेजात मराठी कळणारे आम्ही दोघेच. मी, शामसुंदर, त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान, नुकताच लागलेला लेक्चरर, तोही अजून कच्चाच, म्हणजे कायम न झालेला. मी त्यांना अण्णा म्हणत असे. सुंदरेश खोलीत असताना ते त्याच्यासमोरच, चेहरा अगदी नम्र ठेवून, त्याच्याविषयी मराठीत जे काही बोलत ते ऐकून मला खोकल्याचं सोंग करावं लागे. आमच्या मराठीला पुण्यातले लोक हसतात, हे मला पुढे कळलं. हसोत. शिव्या द्यायला ती उत्तम आहे.

आता त्या यंत्राविषयी. १९९३च्या जानेवारीत कॉलेजने एक युनिक्स वर्कस्टेशन घेतलं. सोळा मेगाबाइट मेमरी आणि त्याला जोडलेली सहा टर्मिनलं. त्या काळी जिल्ह्यात असं यंत्र मोजकंच. कॉलेजचा मालक नटराज, आमच्याकडे अशा मालकाला करस्पाँडंट म्हणतात, मूळचा नाचियार्कोविलचा, पितळी दिव्यांच्या धंद्यात वर आलेला. त्याने जोशाकडून मुहूर्त काढला. पुरुषभर उंचीची समई आणवली, यंत्राला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि बरोबर नऊ वाजून बारा मिनिटांनी बटण दाबलं. मग सगळ्यांसमोर सांगितलं की अशा घटकेला सुरू केलेली वस्तू दुसरा मुहूर्त काढल्याशिवाय बंद करायची नाही. मद्रासहून आलेला कंपनीचा माणूस हसला. म्हणाला, बंद करायची गरजच नसते. तेवढ्यावर शिक्कामोर्तब झालं. यंत्राखाली बॅटऱ्या बसल्या, आवारात जनरेटर बसला, आणि ते यंत्र मध्यरात्री, रविवारी, पोंगलला, उन्हाळ्याच्या सुट्टीत, कुणी असो वा नसो, चालूच राहिलं.

सुंदरेश मद्रासला एका दिवसाच्या कार्यशाळेला जाऊन आला होता. तिथून तो एक कमांड शिकून आला: व्हीएमस्टॅट. ती टाइप केली की यंत्राच्या मेमरीची हालहवाल आकड्यांच्या एका ओळीत समोर येते. मेमरी अपुरी पडली की यंत्र कामाची पानं, म्हणजे मेमरीतले तुकडे, उचलून डिस्कवर नेऊन टाकतं. अशी किती पानं बाहेर टाकली हे ‘पीओ’ नावाच्या रकान्यात. टाकायला पान शोधत यंत्र किती वणवण करतंय हे ‘एसआर’मध्ये. आणि यंत्राचा मेंदू शंभरातला किती वेळ रिकामा बसून आहे हे शेवटच्या ‘आयडी’मध्ये. सुंदरेशला एवढं सांगता येत होतं, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असं त्याला वाटत होतं. कंपनीने सोबत दिलेली माहितीची जाड पुस्तकं त्याने काचेच्या कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या जानव्याला बांधली. रघूत्तमरावांनी ती पुस्तकं यंत्राच्या पडद्यावरच वाचून काढली. तीच पुस्तकं यंत्राच्या पोटातही असतात, हे सुंदरेशला निवृत्तीपर्यंत ठाऊक नव्हतं.

सकाळी यंत्र वाऱ्यासारखं चाले. दुपारी अडीचला शेवटच्या वर्षाची तुकडी सहाही टर्मिनलांवर बसली, चित्रं काढण्याचे मोठे प्रोग्राम चालू झाले, की खेळ खलास. एक अक्षर टाइप केलं तर ते पडद्यावर उमटायला मुलं घड्याळ बघत बसत. आतली डिस्क कुरकुर कुरकुर करत राही. मुलांनी तक्रार केली. सुंदरेशने रजिस्टर मागवलं आणि मुलांसमोर बोट ठेवून वाचलं.

“पीओ, शून्य. एसआर, शून्य. आयडी, चौऱ्याण्णव! यंत्र शंभरातला चौऱ्याण्णव भाग रिकामं बसून आहे. मग काम का होत नाही? कारण यंत्र चालवणारा माणूस रिकामा बसून आहे.”

रघूत्तमराव “सरी सार्” म्हणाले. सुंदरेशने तसा मेमो काढला. मग दुसरा काढला.

त्या संध्याकाळी त्यांनी मला लॅबमध्ये थांबवून घेतलं.

“शामा, हें बघ. सुम्मा, नुसती कमांड टाकली कीं एकच ओळ येते, नव्हे? ती ओळ आजची नव्हे रे. यंत्र चालूं केलें त्या घटकेपासून आतांपर्यंत अस्क्याची सरासरी ती. रात्री, रविवार, पोंगल, अस्कं त्यांत आलें.”

“म्हणून शून्य?”

“मग काय! वर्षभराच्या रिकाम्या रात्रीनें भागिलें तर शून्यच येणार. पुस्तकांत स्पष्ट लिहिलें आहे, पहिल्या ओळीकडे पाहूं नका म्हणोन. आतां हें पाहा.”

त्यांनी कमांडपुढे पाचाचा आकडा टाकला. म्हणजे दर पाच सेकंदांनी नवी ओळ. दुपारच्या तुकडीतली चार मुलं अजून बसलेली होती. पहिली ओळ तीच, सात्त्विक चेहऱ्याची: शून्य, शून्य, चौऱ्याण्णव. पाच सेकंदांनी दुसरी आली. पीओ एकशे साठ. एसआर तीनशे चाळीस. तिसरी त्याहून वाईट.

“तुझ्या वहिनीचा ओटा लहान आहे, ठाऊक नव्हे?” ते म्हणाले. “कढई ठेवायची तर पातेलें उचलून कोठीघरांत नेऊन ठेवावें लागतें. मग पातेलें पाहिजे, कढई नेऊन ठेव. सहा जणांचा स्वयंपाक आला तर बाई चालून चालून मरते, शिजत कांहीं नाहीं. तसें झालें आहे हें. मेमरी दुप्पट पाहिजे. हा गाढव मला आळशी म्हणतो.”

मला पटलं. नुसतं पटलं नाही, लाज वाटली, कारण युनिक्स मी वर्गात शिकवत होतो आणि पुस्तकातलं ते पान मीही कधी उघडलं नव्हतं. मी म्हणालो, “अण्णा, सुंदरेशला हेच दाखवूया.”

दाखवलं. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा एकच प्रकार. रघूत्तमराव कमांड टाकत, पहिली ओळ लगेच उमटे, सुंदरेश चष्मा वर करून ती मोठ्याने वाची, “शून्य, शून्य, चौऱ्याण्णव, हेच तर मी सांगतोय!” आणि उठून चालू लागे. दुसरी ओळ यायला पाच सेकंद लागत. डॉक्टरेट केलेल्या त्या माणसाला पाच सेकंद खुर्चीत बसवत नव्हतं. तिसऱ्यांदा मी म्हणालो, “सार्, एक मिनिट, पुढची ओळ...” तो दारातून म्हणाला, “रजिस्टरात एकच ओळ मावते, मिस्टर शामसुंदर.”

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण रघूत्तमराव जूनमध्ये पंचेचाळीस पूर्ण करणार होते, आणि पंचेचाळिशीनंतर कुणालाही कायम करायचं नाही असा कॉलेजचा नियम होता. एप्रिलच्या अठरा तारखेला समितीची बैठक, तीच शेवटची. त्यात कायम झाले तर झाले, नाही तर एप्रिलअखेर ऑर्डर संपली की घरी. चौदा वर्षं दोन ठिकाणी हंगामी राहिलेल्या माणसाला त्या वयात तिसरं कोण विचारणार? त्यांच्या बायकोने, अंबुजावहिनींनी, त्या महिन्यात शनिवारचे उपास धरले होते. सुंदरेशचे दोन्ही मेमो समितीपुढे जाणार होते. रघूत्तमरावांकडे उत्तर एकच, ते आकडे. आणि ते आकडे समजावून सांगणारा, नावापुढे लेक्चरर लावणारा साक्षीदार एकच, मी. मी शब्द दिला. “मी सांगतो अण्णा, तुम्ही काळजी करू नका,” असं मी मराठीत, मोठ्या आवाजात म्हणालो.

बारा एप्रिल, मंगळवार. दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी वीज गेली. जनरेटरचं डिझेल कुणी तरी संपवलं होतं, ते कुणी हा शोध कॉलेजने कधी लावला नाही. बॅटऱ्या पंधरा महिन्यांत म्हाताऱ्या झालेल्या, दहा मिनिटांत त्यांनी मान टाकली. यंत्र बंद पडलं. मुलांचे प्रकल्प त्या आठवड्यात द्यायचे होते, दोघी मुली तर रडायलाच लागल्या. साडेतीनला वीज आली. मंगळवारचा राहुकाळ तीन ते साडेचार. रघूत्तमरावांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, “मुलांनीं काय पाप केलें?” आणि बटण दाबलं.

पाच वाजता सुंदरेश धावत आला. तोवर बातमी करस्पाँडंटपर्यंत पोचली होती. लॅबमध्ये पाऊल टाकताच त्याने ओरडून सांगितलं, कमांड टाक. रघूत्तमरावांनी टाकली. एकच ओळ आली. पण आता ती ओळ पंधरा महिन्यांची नव्हती, फक्त त्या दीड तासाची होती, आणि त्या दीड तासात सहाही टर्मिनलं भरलेली होती. पीओ शहाण्णव. एसआर दोनशे बारा. आयडी तेवीस.

रघूत्तमरावांचा चेहरा उजळलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्यांना वाटलं, आता तर आंधळ्यालाही दिसेल. मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघे किती भोळे होतो याचा मला आजही राग येतो.

सुंदरेशने ती ओळ स्वतःच्या हाताने रजिस्टरात लिहिली, वरच्या शून्यांच्या रांगेखाली. मग तांबड्या शाईने गोल केला. “पंधरा महिने शून्य,” तो म्हणाला. “राहुकाळात चालू केलं आणि दोनशे बारा. मेमरी बिघडवली यानं.”

समितीत पाच माणसं होती. मध्ये नटराज. त्याच्यापुढे रजिस्टर उघडं. रघूत्तमरावांना उभं ठेवलेलं. त्यांनी तमिळमध्ये बोलायला सुरुवात केली, पहिली ओळ, सरासरी, रिकाम्या रात्री. सुंदरेश मध्येच म्हणाला, “रजिस्टरात रोज याचीच सही आहे. पंधरा महिने शून्य लिहून सही केली, आता म्हणतो शून्य खोटं होतं. मग सही खोटी का?” तमिळमध्ये त्यांना तिखट बोलता येत नव्हतं.

नटराज मूर्ख नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. समई नखाने वाजवून पितळेत काय मिसळलंय ते ओळखणारा माणूस तो. त्याने रजिस्टर माझ्याकडे वळवलं. “शामसुंदर, तुम्ही शिकलेले आहात. मला इंग्रजी आकड्यांतलं कळत नाही. तुम्ही सांगा. अकरा तारखेपर्यंत इथे शून्य होतं?”

कायम करायच्यांच्या त्या दिवशीच्या यादीत तिसरं नाव रघूत्तमरावांचं होतं. चौथं माझं. सुंदरेश टेबलाच्या पलीकडून माझ्याकडे बघत होता. हातात त्याच्या तेच हिरवं पेन.

“होतं,” मी म्हणालो.

“आणि बारा तारखेला, राहुकाळात चालू केल्यावर?”

“दोनशे बारा.”

“बस?”

तो थांबला होता. सुंदरेशसारखा उठून गेला नव्हता. चांगला दहा सेकंद माझ्या तोंडाकडे बघत होता. ओट्याची गोष्ट सांगायला तेवढा वेळ पुष्कळ होता. पितळवाल्याला ओटा आणि कोठीघर कळलं नसतं असं मी आजवर स्वतःला सांगत आलो, ते धादांत खोटं आहे.

“बस,” मी म्हणालो.

रघूत्तमरावांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मी कायम झालो. त्यांची ऑर्डर एप्रिलअखेर संपली. मे महिन्यात मद्रासचा तो कंपनीचा माणूस आला, लॅबमध्ये अर्धा तास बसला, म्हणाला मेमरी फार कमी आहे, दुप्पट करा. नवा मुहूर्त निघाला, मेमरी दुप्पट झाली, दुपारची कुरकुर थांबली. यंत्राचा दोष काढल्याबद्दल सुंदरेशला वार्षिक समारंभात जरीची शाल मिळाली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. रजिस्टर माझ्याकडे आलं, आणि रोज सकाळी दहाला मी त्यात तीच एक ओळ लिहू लागलो.

जुलैत एका रविवारी मी तिरुविसनल्लूरला गेलो. का गेलो, ते नीट सांगता येत नाही. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो असं मी म्हणतो. रघूत्तमराव ओसरीवर चार मुलींना गणित शिकवत होते. “ये शामा,” म्हणाले आणि पुन्हा पाटीवर वाकले. अंबुजावहिनी आतून कॉफी घेऊन आल्या. वाळल्या होत्या. पेला माझ्या हातात देऊन त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

“शामा, तुझे उपकार आम्हीं विसरणार नाहीं,” त्या म्हणाल्या. “यांनीं अस्कं सांगितलें मला. त्या सभेंत एवढे मोठे मोठे बसले होते, एकही बोलला नाहीं, तूं एकला उठून यांच्या कडनें भांडलास म्हणोन. स्वतःच्या नौकरीचें भय सुद्धां केलें नाहींस.”

मी रघूत्तमरावांकडे पाहिलं. ते एका मुलीचं चुकलेलं गणित पुसत होते. मान वर केली नाही.

अंबुजावहिनी माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. मी म्हणालो, “तें काय वहिनी, मोठें नव्हे.” आणि त्यांनी ओतलेली दुसरी पेलाभर कॉफीही प्यालो.